पिशवीबाहेरचा कान

नागपूर, १२ जानेवारी १९७८

पिल्लू घरात कोंडून बसलेल्या बांधवांनो, आपल्याला ‘बाहेर नेऊ नका’ एवढंच सांगितलं जातं. (झालं, रोजनिशीतही भाषण.) आधीच्या मोत्याला इंजेक्शनं पुरी होईपर्यंत असंच कोंडलं, आणि पुढे तो माणूस दिसला की चावायला धावू लागला. शेवटी पारशिवनीला शेतावर धाडावा लागला. आता या नव्या पिल्लाचं, ठिणगीचंही तसंच होऊ द्यायचं? आज डॉक्टरांना खडसावून विचारलं. म्हणाले, जमिनीवर नको, दुसऱ्या कुत्र्यांजवळ नको. कडेवर खुशाल न्या.

शबनममधली पुस्तकं काढून ठिणगीला आत बसवलं. हिने पिशवी खांद्याला लावली. “तुमच्या भाषणाले मानसं पळतात, हे लेकरू काहून टिकन?” म्हणाली, पण सभेला आली आणि अगदी मागे उभी राहिली. मंचावरून मला पिशवीबाहेरचा एक कान तेवढा दिसत होता. टाळ्या पडल्या, कान ताठ. माझं चित्त कुठलं भाषणात? मग एका आजोबांनी पिशवीत हात घालून ठिणगीला गळ्याखाली खाजवलं. पुढच्या टाळ्यांना कान नुसता हलला. शेवटी तर लोळलाच. ठिणगी झोपली होती. माझ्या भाषणात कुणी झोपलं आणि मी हरखलो, असं प्रथमच घडलं.

तेव्हा बांधवांनो, उद्या आपलं पिल्लू कडेवर घ्या आणि चौकापर्यंत फिरवून आणा.