कझांचिसला जाऊ नये

देब्रे मार्कोस, ६ तिकिम्त

चि. वोइनशेत हीस वोर्कनेह ताफेसे याचे अ. उ. आ.

तुझी-माझी ओळख अजून फोटोपुरतीच आहे, तरी हक्काने लिहितो आहे. पेन्शनच्या कामासाठी हिदार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मला अदिस अबाबाला यायचं आहे. सोमवारी पोचेन, शुक्रवारी परतेन. शहर पाहून मला फार वर्षं झाली. आमचा चिरंजीव एर्मियास दिरेदावाहून कळवतो की कुठे काय खावं ते वोइनशेतला विचारा, ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनिअर आहे, चुकीचा नंबर लावून देत नाही. तेव्हा लाव नंबर.

म्हातारा चार दिवस एकटा जेवणार आहे. दात शाबूत आहेत, पोट तक्रार करत नाही. आणि गाणं हवं. आमच्याकडे आता चांगला आझमारी उरला नाही, सगळे तुमच्या शहरात पळाले. मांडीशी एका तारेचा मासिंको धरून तोंडावर टोमणे मारणारा गवई मला फार आवडतो. माझे मेहुणे, जे पुरोहित आहेत, म्हणतात की न्यायाधीशाला हे शोभत नाही. मी त्यांना सांगतो की मी फक्त ऐकतो, त्याला घरात घेऊन बसत नाही.

घरात घेण्यावरून आठवलं. आमच्याकडे मुलीच्या सात पिढ्या विचारतात, हे एर्मियासने सांगितलंच असेल. तुझे कै. वडील तारमास्तर होते, घराणं गोंदरकडच्या शेतकऱ्यांचं, एवढं मला ठाऊक आहे. बाकीचं भेटीत बोलू. सगळं जुळलं तर नाताळाआधीचा मोठा उपास लागायच्या आत मागणी घालायला वडीलधारी माणसं पाठवीन.

आईंना नमस्कार. ओळख वाढो, माया तिच्यामागून येईलच.

तुझा
वोर्कनेह

---

अदिस अबाबा, १२ तिकिम्त

ती. गाशे वोर्कनेह यांस वोइनशेतचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आपल्याला वडीलधारे मानून गाशे लिहिलं आहे. विचारलेली माहिती देते.

बस मेर्काटो बाजाराजवळ थांबते. उतरताना पैसे आतल्या खिशात ठेवावेत. कोटावर काही सांडलंय असं सांगत कोणी पुसायला आला तर थांबू नये, चालत राहावं. त्याचा जोडीदार मागे असतो.

मंगळवारी मांस खायचं असेल तर मेर्काटोच्या मागच्या गल्लीत खाटकाच्या दुकानातच भाजून देतात. आत बसून मागवू नये. टांगलेलं मांस पाहून स्वतः बोटाने तुकडा दाखवावा, नाहीतर कालचं देतात.

बुधवार उपासाचा. अरात किलोच्या चढावर एका बाईंची खाणावळ आहे. पाटी नाही, दाराला निळा पडदा आहे. उपासाचं ताट तिथलंच घ्यावं, आणि पहिल्या पंगतीला जावं, कारण गर्दी वाढली की त्या मसुराच्या आमटीत पाणी घालतात. ओळख सांगितली तर शिरोचं पिठलं जास्त वाढतील. माझं नाव सांगायला हरकत नाही.

कॉफी पियासा चौकात उभ्याने प्यावी. बसून घेतली तर तीच कॉफी महाग पडते.

करमणुकीसाठी पियासाचं सिनेमाघर चांगलं आहे. मधल्या रांगा घ्याव्यात, पुढे आवाज फाटतो. टेकडीवरच्या चर्चजवळून संध्याकाळी पूर्ण शहर दिसतं, पण गार वारा असतो, शाल न्यावी.

कझांचिसला जाऊ नये.

गुरुवारी दुपारी आमच्याकडे जेवायला यावं ही आईची विनंती आहे. ती विचारते की तिखट किती चालतं.

आपला लोभ मिळवायचा अजून बाकी आहे, हे मी जाणते.

आपली
वोइनशेत

---

बाहिर दार, २० तिकिम्त

चि. वोइनी, अ. आ.

तुझं पत्र आलं आणि दोन घास कमी जेवलो. तो गृहस्थ न्यायाधीश आणि त्याला आझमारीच ऐकायचाय! आपलं नशीब बघ.

कझांचिसचं नाव लिहायलाच नको होतं, पण लिहिलंस ते लिहिलंस. आता माझं ऐक. तेशागेर काकाला त्या आठवड्यात कुठेतरी पाठव. नाझरेतला पाठव, तळ्यावर पाठव, काहीही कर. त्याने त्या माणसाला पाहिलं आणि कोणी तुझं नाव काढलं, तर तो भर मैफलीत पुतणीचं कौतुक गाऊन मोकळा होईल. त्या लोकांच्या तोंडाला कुलूप नसतं. मी त्या लोकांच्या म्हणतोय, आणि तू आता कपाळाला आठ्या घालणार. घाल. बाबांनी मासिंको सोडला, गाव सोडलं, तारखात्यात चिकटले आणि सगळ्यांना शेतकरी म्हणून सांगितलं, ते कोणासाठी? माझ्या सासऱ्यांना आजही ठाऊक नाही. ते चर्चमध्ये किती मोठे आहेत ते तू जाणतेस. उद्या तुझ्या मागणीत हे बाहेर आलं, तर मला इथल्या पंगतीत जागा राहणार नाही.

एर्मियासला तू सगळं सांगून बसलीस हीच पहिली चूक. तो तरी शहाणा, बापाला बोलला नाही.

स्पष्ट लिहितो, मागणीच्या दिवशी काका घरात असेल तर मी येणार नाही. मग मागणीला उत्तर कोण देणार, ते तूच ठरव.

रागावू नकोस. तुझं व्हावं म्हणूनच जीव टांगणीला लागलाय.

तुझा दादा
मुलुआलेम

---

अदिस अबाबा, २७ तिकिम्त

ती. दादास सा. न. वि. वि.

काकाकडे गेले होते. तू सांगितलंस ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या बापाने मला घरातून काढलं, आता तू गावातून काढतेस, तुझी पोरं मला देशातून काढतील, बरंय, फिरणं होईल. मग हसला आणि कॉफी टाकायला बसला.

शहर सोडणार नाही म्हणाला. कझांचिसच्या त्या गाण्याच्या घरात त्याचा रोजचा एकच कोपरा आहे, आठवडाभर सोडला तर दुसरा बसतो. पण माझं नाव त्याच्या तोंडून निघणार नाही, असं म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवते. तू ठेवावास असा आग्रह नाही.

न्यायाधीशांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. विचारलं नाही, तर सांगणार नाही. एर्मियासशी लग्न व्हावं असं मला वाटतं. इतकं वाटतं की या आठवड्यात एक्स्चेंजमध्ये दोन तारा उलट जोडल्या. याआधी असं कधी झालं नव्हतं.

वहिनीला नमस्कार. माझी बाजू तुला पटली नाही, तरी माया आवरती घेऊ नकोस.

तुझी
वोइनशेत

---

देब्रे मार्कोस, ६ हिदार

चि. वोइनशेत हीस अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. बाईंनी तुझं नाव ऐकताच शिरो वाढला, तुकडा बोटाने दाखवला, आणि कोट पुसायला आलेल्याला मीच रुमाल दिला. आईंच्या हातच्या जेवणाला तोड नाही. तू मात्र गुरुवारी अशी बसली होतीस की मी साक्षीदार तपासतोय की काय असं मला वाटलं.

आता ऐक. तुझ्या पत्रात प्रत्येक गोष्टीला कारण होतं. मधली रांग का, उभ्याने कॉफी का, शाल का. एका कझांचिसला कारण नव्हतं. कारण नसलं की माझा पाय तिकडेच वळतो, हा कोर्टातला जुना रोग. मंगळवारी दिवेलागणीला गेलो आणि मासिंको ऐकू आला त्या घरात शिरलो.

कोपऱ्यात एक उंच, वाळलेला गवई होता. आल्या आल्या माझ्या टकलावर घसरला, म्हणाला की या गृहस्थांनी टोपी काढली तर मालकाचं विजेचं बिल वाचेल. सगळं घर हसलं, मीही हसलो आणि नोट त्याच्या कपाळाला चिकटवली. ती त्याने घेतली. मग रिवाजाप्रमाणे मी त्याच्या कानात विषय सांगितला. सून पाहायला आलोय, तारमास्तर गिझाव अलेमूंची मुलगी वोइनशेत, तिच्यावर बांध काहीतरी.

त्याचा गज तारेवर थांबला. मग गायला. असं गायला की शेजारच्या टेबलावरच्या बायांनी डोळे पुसले. पण त्यात तुझं नाव नव्हतं, घराचं नव्हतं, कोणत्याही मुलीच्या बापाला चालेल असं ते गाणं होतं. मी मोठी नोट लावली. त्याने ती कपाळावरून काढली, दोन्ही हातांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. बाकीच्यांच्या नोटा घेत होता.

आमच्या मुलखात हे पोराटोरांनाही कळतं. जिथे सोयरीक व्हायची आहे तिथून आझमारी दक्षिणा घेत नाही. त्याने तोंड मिटलं आणि हाताने सांगून टाकलं. मी काही विचारलं नाही. गुरुवारी तुझा चेहरा पाहिला, तिथेही विचारलं नाही.

एर्मियास तुला सोडणार नाही. मलाही तू हवी आहेस, हे मनापासून लिहितो. रविवारी, १४ तारखेला, आम्ही चौघे मागणी घालायला येतो. माझे मेहुणे बरोबर असतील. म्हणून एकच सांगणं: त्या दिवशी तो माणूस घरात नसावा. लग्नात त्याला बोलवू, मानधन देऊ, पण गवई म्हणून. हे तू, मी आणि तो, तिघांतच राहू दे. यात सर्वांचं भलं आहे.

मुलगी म्हणून लिहिलं, मुलगी म्हणूनच वाच.

वोर्कनेह

---

अदिस अबाबा, ९ हिदार

ती. गाशे वोर्कनेह यांस सा. न. वि. वि.

पत्र आजच्या बसने मिळालं, उत्तर त्याच ड्रायव्हरबरोबर पाठवते.

आपला तर्क बरोबर आहे. तेशागेर अलेमू हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमच्या घराण्यात शेती कधीच नव्हती. वडिलांपर्यंत सर्व आझमारी होते. किती पिढ्या ते मला माहीत नाही, पण सात भरतील.

रविवारची माहिती अशी. माझा भाऊ येणार नाही. त्यामुळे आमच्या घरातर्फे मागणी ऐकून उत्तर देणारे काकाच असतील. ते मासिंको आणणार नाहीत. लग्नात ते गाणार नाहीत. मुलीचा काका मांडवात गात नाही, बसतो.

उपास सोमवारी लागतो, म्हणून रविवारी कोंबडीचा रस्सा होईल. अंडी मोजकीच घालतात, पण आई आपल्यासाठी जास्त घालणार आहे. इंजेराची भाकरी मोठ्या ताटात एकच पसरतात आणि सगळे त्यातूनच खातात, हे आपल्याला सांगायला नको. काकांचा हात त्या ताटात असेल. आपल्या मेहुण्यांना हे आधी सांगावं, दारात कळू नये.

जमणार नसेल तर येऊ नये. मी एर्मियासला स्वतः कळवेन आणि आपल्याला दोष देणार नाही.

टॅक्सी चर्चच्या फाटकाशी सोडावी. पुढची गल्ली अरुंद आहे.

आपण मला मुलगी म्हटलंत. ते मागे घ्यावं लागलं तरी, मी ते विसरणार नाही.

आपली
वोइनशेत

---

अदिस अबाबा, १५ हिदार

ती. दादास सा. न. वि. वि.

काल काय झालं ते तुला कोणाकडून तरी अर्धवट कळेल, म्हणून मीच लिहिते.

दुपारपर्यंत कोणी आलं नाही. आई रस्सा तीनदा गरम करून झाली. काका पांढरा शम्मा पांघरून बाबांच्या जागी बसला होता आणि त्याची बोटं गुडघ्यावर तार धरल्यासारखी हलत होती. मी त्याला म्हटलं की थांब, तर म्हणाला की बोटं माझं ऐकत असती तर मी तारमास्तर झालो असतो.

मग ते आले. चौघे नव्हे, तिघे. त्यांचे पुरोहित मेहुणे गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीतून उतरले, दोन पावलं आले आणि परत जाऊन बसले. खिडकीतून मला दिसलं. वाटलं, आता बाकीचेही वळणार. गाशे वोर्कनेह क्षणभर मागे पाहत राहिले आणि मग चालू लागले.

रिवाजाप्रमाणे ते बसले नाहीत. दाराशी काठी टेकून उभे राहिले आणि काकासमोर मान लववून मागणी घातली. तुमच्या घरची लेक आमच्या घरी द्या, आमचा मुलगा तुमचा मुलगा होईल, असं सगळं, एक शब्द न गाळता. जन्मभर ज्यांच्यापुढे लोक उभे राहिले, ते गृहस्थ आपल्या काकापुढे उभे होते. आई स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडत होती. मला हायसं वाटलं होतं. ते फार लवकर वाटलं.

कारण काकाने भलतंच केलं. त्याने शम्मा सावरला. मग शांतपणे म्हणाला की आमच्या मुलीबद्दल विचार करायला आम्हाला वेळ हवा. उपास संपू द्या, गेन्नाचा, नाताळचा सण होऊ द्या, मग पुन्हा या.

आईच्या हातातली पळी खाली पडली. गाशेंबरोबरचे एक गृहस्थ लाल झाले आणि पुटपुटले की ऐका, आता हे आपल्याला थांबायला सांगणार.  दादा, मला काकाला हलवून विचारावंसं वाटलं की हे काय केलंस.

मग कळलं, आम्हीच घाईने होकार धरून चाललो होतो. कोणतंही अब्रूदार घर पहिल्या मागणीला हो म्हणत नाही. तुझ्या सासऱ्यांनी बाबांना दोनदा परत पाठवलं होतं, आठवतं? वडीलधाऱ्यांना थांबवणं हा मुलीच्या घराचा मान आहे, आणि काकाने तो बाबांच्या जागेवर बसून घेतला. भीक पदरात घ्यावी तशी त्याने ती मागणी झेलली नाही.

गाशे वोर्कनेहनी दाराशी टेकलेली काठी उचलली. मग म्हणाले की योग्य आहे, आज तुम्ही हो म्हणाला असता तर मीच घरी जाऊन विचार केला असता की मुलगी इतकी स्वस्त का. पुन्हा येईन म्हणाले. आणि मेहुण्यांनाही आणीन, त्यांना तयारीला महिना मिळाला.

एकदा मागणी घातली की उत्तर मिळेपर्यंत मुलीच्या घरचं अन्न घ्यायचं नसतं. त्यामुळे सगळा रस्सा, सगळी अंडी समोर ठेवून ते तिघे उपाशी निघाले. दारात गाशे थांबले, मला हळूच म्हणाले की मांसाचा शेवटचा दिवस आहे, पोटात कावळे ओरडताहेत, जवळपास कुठे जावं? मी सांगितलं, फाटकातून डावीकडे वळा, पिंपाएवढ्या चुलीवर भाजणारा एक जण आहे, मिरचीची चटणी वेगळी मागून घ्या. आतून काका ओरडून म्हणाला की त्या गृहस्थांना सांग, खुर्ची भिंतीकडची घ्या, रस्त्याकडची डुगडुगते.

गेन्नानंतर ते येतील. उत्तर काकाच देईल, आणि काय द्यायचं ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या उजव्या हाताला जागा आहे. वहिनीच्या वडिलांना सांगून येणार की न सांगता, ते तू ठरव. पण येणार की नाही ते लवकर कळव, आईला पाट मांडायचे आहेत.

तू माझा आहेस तसाच रहा, फक्त जवळ येऊन बस.

तुझी
वोइनशेत