थेंब पडतोय तोवर नाही

लंब्या,

ही चिठ्ठी लिहिणारच नव्हतो, पण तू उठून होडीवर जायला निघशील. मामाची होडी माझी झाल्यापासून दुरुस्तीवाला नुसतं उद्या-उद्या करत होता. काल म्हणाला, "झाली बघ, अगदी नव्यासारखी." मी मामासारखं केलं, होडी ठोकळ्यांवर चढवून आत पाणी ओतलं. आठवतं, आपण दोघं खाली आडवे पडून थेंब शोधायचो आणि मामा तिथे खडूने फुली मारायचा? काल एकटाच पडलो, तर थेंब थेट डोळ्यात. भेगेवर नुसता रंग फासलाय पठ्ठ्याने. आता त्याच्या दारात ठाण मांडायला चाललोय. चहा झाकून ठेवलाय.

तुला पोहता येत नाही, लक्षात आहे माझ्या. खाली एक जरी थेंब पडत असला, तरी तुला तिच्यात बसवणार नाही, हा माझा शब्द.