सव्वीस जणींचं कापड

३ फेब्रुवारी, मंगळवार

एकोणीस जणींनी व्हिडिओखाली विचारलं, 'प्राइस?' एकीनेही ब्लाउज शिवायला टाकला नाही! सकाळचे दोन तास त्या व्हिडिओत गेले — मागे पडदा लावा, उजेड बघा, शेजारच्या पॉवरलूमचा आवाज येतो म्हणून वर गाणं चिकटवा. तोवर ओट्यावर दोघी नाप द्यायला थांबल्या होत्या. एक कंटाळून निघून गेली. या कामतघर वस्तीत शिवणारी मी एकटी थोडीच आहे?

उन्नती म्हणते, "मम्मी, रोज टाकायचं. थांबलीस की पेज मरतं."

लेक कॉलेजात जाते, तिला यातलं कळतं. पण वीस वर्षं माझं मशीन काही न टाकताच चाललं ना?

५ फेब्रुवारी

परवा व्हिडिओत दाखवलेला पाठीचा गळा आज दुसऱ्याच एका दुकानाच्या पेजवर. तोच, गाठीसकट! खाली लिहिलंय — 'आमचं खास डिझाइन'. वर त्या पेजला चारशे लाल बदाम.

८ फेब्रुवारी, रविवार

राहनाळच्या दौलतशेठच्या मुलाची हळद एकवीस तारखेला. भावकीतल्या सव्वीस बायकांना एकच साडी — शेवाळी, सोनेरी बुट्ट्यांची. ब्लाउज सगळे माझ्याकडे. दौलतशेठची बायको, गंगूवहिनी, दारातूनच ओरडली, "हलदीत सगल्या सारख्या दिसल्या पायजेत हां! कोन जाडी, कोन बारीक, त्या तू सांभाल!"

पंचवीस जणी नाप देऊन गेल्या. गोदू मागे थांबली. नात्याने ती दौलतशेठची चुलत भावजय, पण माझी त्याच्या कितीतरी आधीची. मी लग्न होऊन या चाळीत आले तेव्हा शेजारच्या खोलीत हीच होती. स्टोव्ह पेटवायला हिने शिकवलं.

तिने आत येऊन कडी लावली. "घाबरू नको हां," म्हणाली — मला! आणि ब्लाउज काढला.

डावीकडे काही नव्हतं. एक आडवा व्रण. दिवाळीत पित्ताचं ऑपरेशन झालं असं सगळ्यांना सांगितलं होतं. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

टेप कुठून कुठे धरायचा तेच मला सुचेना. तीच हसली. "धर गो. एका बाजूचं काम कमी झालं तुजं."

मी रडले, तिने माझे डोळे पुसले. उलटंच सगळं.

जाताना म्हणाली, "प्राजूचं लगीन होईपरत कुनाला कलता कामा न्हाय." प्राजक्ता तिची एकुलती एक. कोन गावच्या हितेशशी ठरलंय, होळीनंतर साखरपुडा. मी समजले. असल्या दुखण्याचं नाव निघालं की आईचं राहतं बाजूला, मुलीचं लग्न अडतं.

११ फेब्रुवारी

गोदूचा ब्लाउज तीनदा उसवला. नुसत्या कापसाने ती बाजू वर चढते, एका जागी राहत नाही. वजन हवं. शेवटी मलमलची गोल पिशवी शिवली, आत मूठभर मोहरी, भोवती कापूस. ब्लाउजला आतून खिसा. हातात धरून बघितलं — थोडी जड, थोडी मऊ. खरी वाटली.

गोदूने घालून बघितला. आरशासमोर पदर एकदा खांद्यावरून खाली सोडला. पुन्हा वर घेतला. मग म्हणाली, "आता हलदीला जाते गो मी. नायतर नसते जानार."

वीस वर्षांत माझ्या हातून यापेक्षा चांगलं काम झालेलं नाही.

१२ फेब्रुवारी

व्हिडिओ टाकला. ब्लाउज तिला द्यायच्या आधी घेतला होता — फक्त ब्लाउज, माझे हात, खिसा, मोहरी. नाव नाही, चेहरा नाही, गाव नाही. खाली लिहिलं, 'माझ्या एका मैत्रिणीसाठी.' कापड तर सव्वीस जणींचं एकच. कुणाला काय कळणार?

गोदूला विचारायला हवं होतं का? विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. म्हणून विचारलं नाही. इथे तरी खरं लिहिते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

साठ हजार जणांनी बघितला!! उन्नती नाचतेय घरभर. सोलापूरची एक बाई लिहिते, दोन वर्षं घराबाहेर पडले नाही, मला शिवून द्याल का? नाशिकची एक व्हॉइस मेसेजवर नुसतीच रडली. मी पण रडले. वाटलं, यासाठीच असेल हे सगळं. दर पाच मिनिटांनी आकडा बघते. भाकरी करपली.

१७ फेब्रुवारी

गंगूवहिनीचा फोन. "आमच्याच हलदीचं कापड हाय ना गो ते? कोन हाय ती आमच्यातली?"

मी म्हटलं, नाही, ते दुसरं गिऱ्हाईक, कापड बाजारात खूप आहे.

"खोटं बोलतेस. बुट्टी आमची हाय. मी सोता निवडलेय."

मी फोन ठेवला. व्हिडिओ काढून टाकला. उन्नतीने दाखवलं — काढून उपयोग नाही. तीन पेजेसनी उचललाय. एकावर दर्दभरं गाणं आहे. भावकीच्या ग्रुपवर साडीचा फोटो आणि माझा ब्लाउज शेजारी शेजारी लावलाय. खाली कुणी तरी लिहिलंय — 'ओळखा!' आणि हसणारे चेहरे.

सव्वीस जणींचं कापड एकच म्हणून मी निर्धास्त होते. आता सव्वीस जणींकडे बघतात.

१९ फेब्रुवारी

गोदूला चार फोन केले. उचलत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हळदीहून आले. तशीच लिहायला बसले.

नवरदेवाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवाळी रांग मांडवात शिरली तशी सगळ्यांची नजर एकाच उंचीवर. बाप्यांची पण. बेंजो सुरू झाला. कुणी तरी हसत ओरडलं, "हात वर करा गो! दिसू द्या!" आणि बायकांनी केले. गंगूवहिनीने पहिल्यांदा, दोन्ही हात आभाळाला! मग एकेक करत सगळ्याच. हसत होत्या, पण तो नाच नव्हता. जी ती दाखवत होती — मी नाही, मी नाही.

पंचवीस.

गोदू मांडवाच्या खांबाशी उभी होती. आली होती! माझा ब्लाउज घालून आली होती. उजवा हात वर गेला. डावा खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

बेंजो चालूच होता. गंगूवहिनीने आधी स्वतःचे हात खाली घेतले. तिच्या तोंडावरचं हसू गेलं. उशीर झाला होता.

माझ्या शिलाईत कुठे काही दिसत नव्हतं. कुणालाही ओळखता आलं नसतं. मीच सांगून ठेवलं होतं, काय शोधायचं ते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कोनहून निरोप आला — तूर्त थांबू या. हितेशच्या भावकीतही तो व्हिडिओ फिरला म्हणे.

गोदूच्या घरी गेले. आत ये म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. उंबऱ्याशी बसले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डाक्टरसमोर उघडी झाले, त्याला इलाज नव्हता. नवऱ्याला अजून बघू दिलं न्हाय. तुज्यासमोर झाले ती माज्या मनानं झाले गो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

२६ फेब्रुवारी

सदतीस ऑर्डरी. खऱ्या. नाव, पत्ता, नाप सगळं पाठवलंय बायकांनी. कुणी फोटोही. ओळख ना देख, माझ्यावर विश्वास ठेवतात! का? कारण व्हिडिओत माझे हात प्रेमळ दिसतात म्हणे.

उन्नती म्हणते, "मम्मी, पेज बंद नको करूस. आत्ता कुठे चाललंय."

चाललंय.

१ मार्च, रविवार

प्राजक्ता आली होती. बसली नाही. मी म्हटलं, मी कोनला जाते, हितेशच्या आईच्या पाया पडते, आजार लपवला यात तुझा काही दोष नाही हे सांगते.

ती म्हणाली, "लपवला कुठे, मावशी? बोलणी करायला आले त्याच दिवशी आईने सांगितलं त्यांना. हितेशची आई उठून आईच्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, आम्हाला चालतं. फक्त चार लोकांत जाऊ देऊ नका."