वरच्या कुरणाची वाट

दम्नात,
ता. १९ मे

ती. लाल्ला इत्तो, थोरल्या बहिणीस धाकट्या हम्मूचा सा. सलाम, वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, हातपाय धड आहेत. फोनवर मी हसून वेळ मारून नेतो अशी तुझी तक्रार असते, म्हणून हा कागद.

यंदाची पहिली मंडळी सुखरूप परत पोचवली. बेल्जियमची होती, सगळी आपल्या बाबांच्या वयाची, आणि सायकल अशी हाणतात की वाटाड्या मी आणि धापा टाकत मागेही मीच. त्यांच्यातल्या मार्लेनबाई प्रत्येक जुन्या गावात उतरून दारांच्या कड्या बघत बसायच्या. एका म्हाताऱ्याने शेवटी वैतागून कडी उचकटून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, बाई, ही घ्या आणि वाट सोडा, माझी शेळी खोळंबलीय. मंडळी हसून हसून रस्त्यावर बसली. त्यात आमचा अर्धा दिवस गेला.

काय सांगत होतो? हं, वाट. दरवेळी मी नदीकडेने तुमच्या गावातून जातो आणि तुझा चहा घेतल्याशिवाय सुटका नसते. या खेपेला पुराने रस्ता खाल्ला होता. म्हणून खिंडीतून उतरलो, वरच्या कुरणातून सरळ गढीच्या गावात. लाल्ला, काय उतार आहे! गुडघाभर गवत, कोणी पाऊल न टाकलेलं. गवत वाढेपर्यंत कुरण बंद आहे हे मला माहीत होतं, बासूभाऊजी यंदाचे राखणदार आहेत हेही. पण माझ्यामागे काही मेंढरं नव्हती. चाकं काय गवत खातात? तोंडाशी आडवी लावलेली काट्यांच्या फांद्यांची फांजर बाजूला केली, सगळे गेल्यावर परत ओढली. पुढून कोणी पंक्चर पंक्चर ओरडत होतं, त्यामुळे जरा घाईतच.

भाऊजींना सांगू नकोस, उगाच भाषण देतील. पोरांचे पापे घे. लोभ आहे तसाच राहू दे, चहासकट.

तुझा
हम्मू


तमाझिर्त,
ता. ३ जून

चि. हम्मूस इत्तोचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मी बासूला दाखवलं नाही. त्याला आधीच माहीत आहे.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हद्दाची मेंढरं कुरणात सापडली. हद्दा म्हणजे चक्कीखालची, खिंडीपलीकडून लग्न होऊन आलेली, नवरा गेल्यापासून एकटी दोन पोरं वाढवते ती. तू लहानपणी माझ्याकडे राहायला आलास की तिच्या अंजिरावर चढायचास आणि ती खालून शिव्याही द्यायची आणि टोपलीही धरायची. बंद कुरणात ज्याची जनावरं शिरली त्याने गावाला जेवण घालायचं आणि त्या वर्षी त्याचा कळप वर जायचा नाही, हे तुला मी सांगायला नको.

ती गावच्या बैठकीत उभी राहून सांगत होती की आदल्या संध्याकाळी तिकडून येताना तिने फांजर पाहिली होती, ती नीट नव्हती, म्हणून तिने स्वतः ओढून लावायचा प्रयत्न केला, पण मोठी फांदीच तुटली होती. सीदी यहया पिराच्या कबरीवर हात ठेवून शपथ घेते म्हणाली. गावचा मुखिया अमघार म्हणाला, घे, पण तुझ्या बाजूने शपथ घ्यायला तुझी माणसं कुठे आहेत? तिची माणसं खिंडीपलीकडे. पोरं अजून नाक पुसायला शिकताहेत. अमघारने सगळ्यांकडे बघून विचारलं की हिच्या शब्दाला कोणी आपला शब्द जोडतंय का. एक जण तर म्हणाला की विधवेची मेंढरं तरी खरं बोलतील, त्यांना विचारा. लोक हसले.

मी बायकांबरोबर भिंतीशी बसले होते. हात शालीखाली घट्ट धरले होते. कारण मेंढरं सापडली त्या पहाटे बासूने फांजरीपाशी चाकांच्या खुणा पाहिल्या होत्या आणि चपलेने पुसून टाकल्या होत्या, आणि घरी येऊन ते मला सांगितलं होतं. राखणदाराच्याच मेव्हण्याने कुरण उघडलं, हे गाव जन्मभर विसरलं नसतं.

तिने मेंढा कापला. सगळ्यांनी जेवायचंच असतं, मीही जेवले. आता ती रोज कळप पलीकडच्या भुंड्या उतारावर नेते. मेंढ्या आटल्यात. कुरण उघडेल त्या दिवशी तिची मेंढरं वर गेली नाहीत तर हिवाळा काढणार नाहीत, आणि मग तिला पोरं घेऊन माहेरी जावं लागेल. ११ जुलैच्या शुक्रवारी कुरण उघडतंय. त्याआधी ये आणि बैठकीत सांग. मी सांगितलं तर बायको नवऱ्यावर उलटली असं होईल. तू सांग.

इत्तो


दम्नात,
ता. २४ जून

ती. लाल्ला इत्तोस हम्मूचा सा. सलाम, वि. वि.

हे पत्र मी बऱ्याचदा सुरू केलं. एकदा तर मधेच चेनला तेल घालायला उठलो आणि अख्खी सायकल खोलून बसलो. मालक म्हणाला, हम्मू, चालणारी वस्तू कशाला मोडतोस?

आधी वाटलं, हद्दाकडे गाडीवाल्याबरोबर जवाचं एक पोतं पाठवावं, कोणी दिलं ते न सांगता. मग वाटलं, पुढच्या वर्षी बघू. मग वाटलं, मेंढरं तशीही शिरलीच असती, फांजर जुनी होती. लाल्ला, माझ्याकडे कारणांचा तोटा नाही, तुला ठाऊक आहे. मी बोललो की भाऊजींचं राखणदारपण जाईल. आणि तुमचं गाव मला परत पाहुणे घेऊन येऊ देणार नाही. त्या गावाशिवाय माझ्या वाटेत राहतं काय? धूळ आणि डांबर.

परवा एका गावात नव्या मंडळीसाठी एका बाईने ताक आणलं. मला आग्रह करत म्हणाली, पी रे, पाहुण्यांना नीट वाटेने आणणारा पोरगा तू. मी वाडगा तोंडाला लावला आणि खाली ठेवला. आंबट आहे का विचारत ती बिचारी स्वतः पिऊन बघायला लागली.

शुक्रवारच्या आधी येतो. तू बासूभाऊजींना सांग. मला त्यांच्या तोंडावर सांगायचा धीर नाही.

जमलं तर लोभ ठेव.

हम्मू


तमाझिर्त,
ता. १३ जुलै

चि. हम्मूस,

आलास, बैठकीत उभा राहिलास, सगळं एका दमात बोललास, आणि लोक तोंड मिटायच्या आत सायकल उचलून चालता झालास. घरात टेकलासुद्धा नाहीस. पुढचं तुला कळलंच नाही, म्हणून लिहिते.

तुझी पाठ वळली तशी अमघार म्हणाला की हा तर वाऱ्यावरचा पोरगा, आज इथे उद्या तिथे, याच्या शब्दावर एवढा निकाल फिरवायचा कसा? याच्या बाजूने कोण शपथ घेतं? कोणीतरी म्हणालं की बहिणीच्या शेजारणीची दया आली असेल त्याला. हद्दा कोपऱ्यात बसली होती. तिने मान वर केली नाही.

मग बासू उठला. खुणा पुसल्याचं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याचा आवाज मी लग्नापासून ऐकतेय, इतका लहान कधी ऐकला नव्हता. मीही उठले. बाईने मध्ये का, असं कोणी कुरकुरलं, पण अमघारने हाताने गप्प केलं. आम्ही दोघांनी सीदी यहयाच्या कबरीवर हात ठेवला.

राखणदारपण गेलं. हद्दाने घातलेलं जेवण आता आम्ही तिच्या दारात घालायचं आहे. वरच्या वाटेने काय, खालच्या वाटेनेही पुढची तीन वर्षं तुझ्या सायकली आणायच्या नाहीत. बासू तुझ्यावर चिडलेला नाही. तो कोणाशीच बोलत नाही.

शुक्रवारी पहाटे तिचा कळप सगळ्यांच्या आधी वर गेला, आमच्या दारावरून. कितीतरी मेंढ्यांच्या बरगड्या दिसत होत्या. एक मागे राहून बसकण मारत होती. मी धावत बाहेर गेले आणि तिला उठवायला हात पुढे केले. हद्दाने मला थांबवलं. ओरडली नाही. एवढंच विचारलं की इत्तो, हे हात त्या दिवशी कुठे होते?

मी हात मागे घेतले. तिने ती मेंढी स्वतःच खांद्यावर घेतली आणि चढाला लागली.

तुझा शब्द तू बैठकीला दिलास, हम्मू, आणि मीही माझा बैठकीलाच दिला. तिच्यासमोर जाऊन आपली चूक कोणीच सांगितलेली नाही. तू ये. सायकल तिकडेच ठेव, चालत ये. आपण दोघं वर जाऊ. ती आपल्याला बसा म्हणेल असं मला वाटत नाही, उभ्यानेच सांगू.

लोभ असावा असं लिहायला आज हात उचलत नाही. असेल तेवढा ठेव.

तुझी
इत्तो