घरचा माणूस मध्ये नको

७ मार्च, शनिवार

लीडरशिप ट्रेनिंगचा पहिला दिवस. हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीशेजारच्या खोलीत. आता महिनाभर दर शनिवारी. विषय: हॉस्पिटलच्या दुभाष्यांनी नेतृत्व कसं करावं आणि पेशंटला त्याच्या भाषेत बोलण्याचा हक्क कसा मिळवून द्यावा. खरं तर शिकवायला मीच हवा होतो. पण म्हटलं, नव्या पोरांसमोर कोणी ज्येष्ठ माणूस बसलेला बरा.

जोड्या लावल्या. माझी जोडी कोणाशीच लागेना. शेवटी ट्रेनिंगच्या मॅडम म्हणाल्या, तुम्ही माझ्याबरोबर बसा. निवड म्हणतात ती हीच.

बायको चार दिवसांसाठी लेकीकडे गेली आहे. घर शांत. विचार करायला उत्तम.

संकल्प: रोज लिहायचं.

९ मार्च, सोमवार

काल राहिलं. रविवार होता.

आमचा नियम कडक. पेशंट 'माझं पोट दुखतंय' म्हणाला की आपणही 'माझं पोट दुखतंय' असंच म्हणायचं. 'त्याचं' नाही. पदरचं घालायचं नाही, एक शब्द गाळायचा नाही. आज दुपारपर्यंत मला तीनदा मूळव्याध झाली आणि एकदा मी सात महिन्यांची गरोदर होतो. नवे डॉक्टर दचकतात. मी नाही.

घरी येईपर्यंत घशाला कोरड. घरी बोलायला काही उरतच नाही. बायकोला हे समजतं. इतक्या वर्षांत तिने एकदाही तक्रार केली नाही. खरं तर काहीच बोलली नाही.

लेकीला फोन केला. आई कधी येतेय विचार म्हटलं. तिने फोन बाजूला धरला. आई बराच वेळ बोलत होती, शब्द कळत नव्हते. मग लेक म्हणाली, आई म्हणते बघू.

एवढं लांबलचक बोलून शेवटी 'बघू'! आमच्या हिला मुद्द्यावर यायला वेळ लागतोच.

१४ मार्च, शनिवार

भयंकर बातमी. हॉस्पिटलचा नवा विचार असा की पेशंटबरोबर नातेवाईक असेल तर दुभाषा बोलवायचाच नाही. पंचवीस तारखेला कमिटी बसणार. आमच्यातल्या एकाने जाऊन बाजू मांडायची.

मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, घरचा माणूस मध्ये नको! घरचा माणूस माया करतो आणि मायेपोटी वाईट बातमी गिळून टाकतो. डॉक्टर दहा वाक्यं बोलतो, मुलगा आईला एकच सांगतो, सगळं ठीक आहे म्हणून. दहाची एक झाली की समजावं, काहीतरी गिळलंय. टाळ्या पडल्याच असत्या, पण तेवढ्यात शेजारच्या लाँड्रीतलं मशीन कपडे पिळायला लागलं.

कमिटीपुढे मीच जाणार. त्या दिवशी बाकी सगळ्यांची नेमकी ड्यूटी आहे म्हणे. एवढ्या सगळ्यांची एकदम? लाजतात बिचारे, तोंडावर मान द्यायला.

१७ मार्च, मंगळवार

साक्षीदार मिळाल्या! वॉर्डातल्या आजी. मुलाने त्यांना साधी गाठ आहे असं सांगून ठेवलं होतं. आज मुलगा बाहेर गेलेला, डॉक्टर बोलले, मी शब्द न् शब्द सांगितला. आजी रडल्या नाहीत. मुलावर मात्र अशा उखडल्या की सिस्टर धावत आली. कमिटीपुढे बोलाल का म्हणून ट्रेनिंगच्या मॅडमनी येऊन विचारलं, तर म्हणाल्या, बोलेन म्हणजे काय, चांगली ऐकवीन.

काम संपल्यावर आजींजवळ थोडा बसलो. पेशंटला सोबत लागते. त्यांनी डोळे मिटले, तरी बसलो. घरी कोण असतं विचारलं त्यांनी. म्हटलं, बायको चार दिवसांसाठी लेकीकडे गेलीय. आजींनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. औषधाची गुंगी असावी.

१९ मार्च, गुरुवार

दुभाष्यांच्या ग्रुपवर नेतृत्वाविषयी माझे विचार पाठवले. जरा मोठं झालं. सगळ्यांनी वाचलं. उत्तर कोणाचंच नाही. मनन चालू असणार.

संकल्प: घरी आल्यावर टीव्ही लगेच लावायचा नाही.

लावला. नुसता आवाजासाठी.

२१ मार्च, शनिवार

भाषणाची तालीम. मॅडम म्हणाल्या, आकडे आणि नियम राहू द्या, तुम्हाला स्वतःला काय हवंय ते दोन मिनिटांत सांगा. मी उभा राहिलो. 'मला' म्हणालो आणि सवयीने थांबलो, समोरचा पुढचं सांगेल म्हणून. मॅडमनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? म्हटलं, ही माझी शैली आहे.

लेकीला फोन. म्हटलं, आईला सांग, कमिटीपुढे जिंकलो की येतोच तिला घ्यायला. पुन्हा फोन बाजूला. पुन्हा आईचं लांबलचक. मग लेकीने नाक ओढलं आणि म्हणाली, आई म्हणते, घाई नको, बाबा.

माझी दगदग होईल याची काळजी तिला. तिकडे सर्दीची साथही दिसते.

२५ मार्च, बुधवार

लिहावं की नाही? लिहितो. नियम म्हणजे नियम.

सकाळी नवा टाय. लांब टेबलाच्या पलीकडे कमिटीचे सहा जण, अध्यक्ष मधोमध. आधी आजी बोलणार, मग मी. पण आजींना इथली भाषा येत नाही आणि बाकी दुभाष्यांची ड्यूटी. तेव्हा त्यांचं बोलणं सांगायला मीच.

आजी सुंदर बोलल्या. मी म्हणालो, मला मरायची भीती नाही साहेब, पण माझं मरण माझ्या मुलाला आधी कळलं आणि मला नाही, याचा मला राग आहे. मी म्हणालो, त्याने मायेपोटीच केलं, पण मला त्याने लहान मूल करून टाकलं. एका मेंबरबाईंनी डोळे पुसले.

मग अध्यक्षांनी विचारलं, दुभाष्याबद्दल काही सांगायचंय का? मी प्रश्न आजींना सांगितला. मानेनेच खुणावलं, की सांगा मोकळेपणाने.

आणि आजी बोलत सुटल्या.

मी म्हणालो, हा माणूस एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. सोन्यासारखं काम. मी म्हणालो, पण काम संपलं तरी हा जात नाही. मी झोपेचं सोंग घेते तरी बसून राहतो. मी म्हणालो, सांगतो की बायको चार दिवसांसाठी लेकीकडे गेलीय. गेल्या वर्षी थंडीत मी गुडघ्यासाठी इथे होते, तेव्हाही हेच सांगत होता.

इथे मी थांबलो. आजी म्हणाल्या, सांगा की. गाळू नका.

मी म्हणालो, माझं मुलाने केलं तेच याच्या घरचं कोणीतरी याचं करतंय. बिचाऱ्याला कोणीतरी खरं सांगा.

अध्यक्षांना उमगेना. विचारलं, कोणता माणूस? मी प्रश्न आजींना सांगितला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हणालो, हाच. हा माझ्या शेजारी बसलाय तो.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, आता आणखी ऐकण्यासारखं काही उरलं नाही. दुभाषे राहतील, नातेवाईक असो वा नसो. एकमताने.

म्हणजे जिंकलो. माझं भाषण खिशातच राहिलं.

२६ मार्च, गुरुवार

रजा घेतली. घसा बसलाय असं कळवलं.

लेकीला फोन. म्हटलं, फोन आईला दे. ती म्हणाली, मला सांगा, मी सांगते. म्हटलं, नको. तू मध्ये नको, बाळा. ती रडायलाच लागली.

बायको फोनवर आली. तिचा आवाज जरा बारीक झालाय, का मीच विसरलो होतो कोण जाणे. ती म्हणाली, मी परत येणार नाही हे आल्या दिवशीच सांगितलं होतं. दर वेळी तेच सांगितलं, कारणांसकट. पोरीने सांगितलं नाही तुम्हाला? मी म्हणालो, तिने सांगितलं, बघू.

बायको म्हणाली, तुमच्याजवळ राहून मला फार एकटं वाटायचं हो. इथे नाही वाटत.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी तब्येत विचारली. बरी आहे म्हणाली. तिने माझी विचारली. मीही बरा आहे म्हणालो. आणखी बोलावंसं फार वाटत होतं. जमलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

उद्या ट्रेनिंगचा शेवटचा दिवस. जमल्यास जाईन.

दुपारी लेकीचा मेसेज. बाबा, रागावलात का माझ्यावर?

उत्तर लिहिलं: नाही गं. तुझं ट्रेनिंग झालेलं नाही, त्यात तुझा काय दोष. पण खरं सांगू का, वर्षभर मी रोज संध्याकाळी वाट बघत होतो.

वाचून पाहिलं. शेवटचं वाक्य खोडलं. मग ट्रेनिंगचंही खोडलं.

पाठवलं: नाही गं. इकडे सगळं ठीक आहे.