व्याह्यांचे सिगार आणि मेतकुटाचा डबा

ती. अक्कास,

अहिल्येचा गुडघे टेकून नमस्कार (माझे अजून टेकतात, तुझ्या गुडघ्यांचं काय झालं ते नीट कळव, ‘बरं आहे’ हे उत्तर मी ऐकून घेणार नाही). भावोजींची साखर कशी आहे? बाल्कनीतली जास्वंद धरली का? आम्ही सगळे इथे नेपरव्हिलला खुशाल आहोत. बर्फ इतका पडलाय की समोरच्यांची टपालपेटी सोमवारपासून दिसलेली नाही. पत्र हाताने लिहून त्याचे फोटो पाठवते आहे याचं नवल करू नकोस. या घरात गरम हवा भिंतींमधल्या नळकांड्यांतून फिरते आणि तिच्याबरोबर बोलणंही फिरतं. मी तळघरात शिंकले की नात वरच्या खोलीतून ‘ब्लेस यू, आजी’ म्हणते. आणि मला जे सांगायचंय ते स्वानंदीच्या किंवा आपल्या जावयाच्या, सिद्धेशच्या, कानावर जाऊन चालणार नाही.

तर आपले व्याही. गुरुनाथराव डिसेंबरात पुण्याला निघाले (तुमच्याच सोसायटीत भावाकडे उतरलेत, म्हणजे लिफ्टमध्ये भेटत असतीलच) आणि निघता निघता त्यांनी माझ्या हातात एक लाकडी पेटी ठेवली. आत सिगार. ऑफिसातल्या पुरुषांना सिगरेटी ओढायला मी नोकरीभर गच्चीवर पिटाळलं, त्या माझ्या हातात सिगार. त्यांच्या अपार्टमेंटला गॅरेज आहे पण तळघर नाही, आमच्याकडे आहे, एवढाच माझा गुन्हा. पण मुलीचे सासरे पडले. मुलीची आई सत्तरीची झाली, मुलगी इथे वीस माणसांना कामाला लावते, तरी व्याह्यांनी काही पुढे केलं की आपले दोन्ही हात आपोआप पुढे होतात, ही काय व्याधी आहे मला अजून कळलेलं नाही. म्हणाले, वर हीटरने वाळतात, खाली थंड जागी ठेवा, बाकी काही करू नका. ते ‘बाकी काही करू नका’ मला लागलं.

ते गेल्यावर स्वानंदीने मला हळूच सांगितलं की हे सिगार तिच्या सासूबाईंनी, वीणाताईंनी, जाण्याआधीच्या वर्षी नवऱ्याला घेऊन दिले होते. वीणाताईंना धूर सोसत नसे. म्हणून गुरुनाथराव वर्षातून एकदाच, लग्नाच्या वाढदिवसाला, एप्रिलच्या थंडीत गॅरेजचं दार उघडं टाकून, कोट घालून एक ओढायचे; आणि त्या गेल्यावरही गॅरेजमध्येच उभे राहून ओढतात, घरात अडवायला कुणी नसताना. अक्का, मला हा माणूस कधी फारसा आवडला नाही, पण त्या दिवशी मी पेटी हातात धरून पायऱ्या उतरले ती अगदी जपून.

आणि मग मी बाकी बरंच काही केलं.

पेटीत एक कागदी पुडी होती, दाबली की जरा ओलसर लागणारी. तुला आणि मला आईने काय शिकवलं? पापड असो, कुरडई असो, ओल म्हणजे नाश. मी ती पुडी फेकून दिली. माझ्याकडे औषधांच्या बाटल्यांतून, पर्सांतून, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या त्या ‘खाऊ नये’ लिहिलेल्या दाणेदार पुड्या आहेत (तुझ्याकडेही आहेत, नाकारू नकोस), त्यातल्या मूठभर घातल्या. लाकडी पेटीला झाकण घट्ट बसेना, म्हणून सगळे सिगार मेतकुटाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात हलवले. डबा दोनदा साबणाने धुतला होता. झाकण असं बसलं की काय सांगू. पाठ थोपटायला कुणी नव्हतं म्हणून स्वतःच थोपटून घेतली.

दोन आठवड्यांपूर्वी सहज कुतूहल म्हणून उघडून पाहिलं. इतकं जपायचं त्यात असतं काय, हे मला महिनाभर खात होतं. डबा उचलला तर आत कुरडया वाजाव्यात तसं वाजलं. एक हातात घेतला तर सालपट निघून दोन तुकडे झाले. केया मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने वास घेतला आणि विचारलं, “आजी, व्हाय डू दे स्मेल लाइक ब्रेकफास्ट?”

(केयाच्या गप्प बसण्याची किंमत म्हणजे आठवडाभर पुरणपोळी. पोरगी आजोबांवर गेली आहे.)

मोडलाच आहे तर पाहून घ्यावं म्हणून मी तो तुकडा वर्तमानपत्रावर उलगडला. अक्का, ही अळूवडी आहे. आत पानांच्या निऱ्या, त्यांना धरून ठेवणारं एक जाड पान, आणि वरून एक सुरेख पातळ पान, शीर काढून, तिरकं गुंडाळलेलं. फक्त तळायचं राहिलेलं. कुणीतरी बसून हे हाताने केलंय आणि मी ते वाळवणात घातलं. इथे शांतपणे बसून विचार केला तेव्हा स्वतःचीच चीड आली. नोकरीभर हवामान खात्यात हवेतली आर्द्रता मोजली मी. बाहेरची गोठलेली हवा घरात घेऊन तापवली की ती सहारासारखी कोरडी होते, हे मी शिकाऊ मुलांना फळ्यावर शिकवत असे. पण डबा हातात आला की खातं मागे पडतं आणि आई पुढे येते.

मग मी इंटरनेटवरच्या सिगारवाल्यांच्या मंडळात शिरले. व्याकरण तिथे कुणालाच येत नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेटनी सगळ्यांना बाकावर उभं केलं असतं. पण माणसं सज्जन. नॉर्थ डकोटातल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला ‘मॅम’ म्हणत समजावलं की थंडीने सिगारचं काही बिघडत नाही, उलट आतली कीड झोपून राहते. मारतो तो कोरडेपणा. ओल द्यायची ती हळूहळू, नाहीतर वरचं पान फुगून फाटतं. मी आर्द्रता दाखवणारी प्लास्टिकची डबी मागवली. तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घालून ते झाकण आणि डबी एका पिशवीत बंद केली. मिठाजवळ पंचाहत्तर टक्के दाखवायला हवेत, हिने एकोणसत्तर दाखवले. म्हणजे डबी खोटारडी आहे, पण नेमानं खोटं बोलते, तेवढ्यावर माझं भागतं.

आता सिगार परत लाकडी पेटीत आहेत, पेटी मोठ्या बंद खोक्यात, खोक्याच्या कोपऱ्यात पिळलेला स्पंज, जिन्याखाली, ट्रेडमिल आणि गणपतीच्या मखराच्या मध्ये. रोज एकेक हलक्या हाताने कुशीवर वळवते. स्वानंदीला वाटतं मी खाली व्यायामाला जाते. ‘आई, तुझी तब्येत सुधारली’ असंही म्हणाली. सिगार कालपासून जरा मऊ लागताहेत. मेतकूट मात्र हटत नाही.

भावोजींना नमस्कार. तू औषधं वेळेवर घे.

तुझी,
अहिल्या

ता. क. आता मुद्द्याचं. गुरुनाथराव महिनाअखेरीस परत येणार आहेत आणि या कामाला मार्चचा मध्य तरी लागेल. त्यांना थांबवून ठेव. भावोजींच्या ब्रिजच्या डावात बसव, दात तपासायला ने, तुझे गुडघे पुढे कर, काहीही कर.

ता. क. २. मोडलेल्याचं काय झालं विचारू नकोस. मेतकूट धुरात उतरतं का हे शास्त्र म्हणून पाहणं भाग होतं. गॅरेजमध्ये, दार उघडं टाकून, स्वानंदीचा कोट घालून. उतरतं. वाईट नाही लागत. सोबत तूपभात हवा होता.

ता. क. ३. फोटो काढायला बसले तोच गुरुनाथरावांचा मेसेज आला. तसाच्या तसा देते: “अहिल्याताई, तळघरातली पेटी सिद्धेशला ऑफिसात वाटून टाकायला सांगा. निवृत्तीला कुणीतरी दिली होती, मला आवडत नाहीत. वीणाचे माझ्या बॅगेत आहेत, ते मी कुणाकडे ठेवत नाही.”

कुणाकडे ठेवत नाही म्हणे. मग मी इतके दिवस कोणाची बाळंतपणं करत होते? पहिला ता. क. रद्द. त्यांना मुळीच थांबवू नकोस, मिळेल त्या विमानात बसव, मला दोन शब्द बोलायचे आहेत.

पण अक्का, पुण्याची फेब्रुवारीची हवा मी नोकरीभर मोजली आहे. बॅगेत, कपाटावर, त्या हवेत वीणाताईंचे सिगार आत्ता वाळत असणार, आणि त्या माणसाला पत्ता नाही. आजच त्यांच्याकडे जा. एक बंद डबा, आत पिळलेला स्पंज, सिगारना लागू न देता. माझं नाव सांगू नकोस. आणि डबा मेतकुटाचा नको.