उजव्या खांद्याखालचं कापड

३ फेब्रुवारी २०१४

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पाकीट पाहूनच तू म्हणशील, काम असल्याशिवाय हा कागदाला हात लावत नाही. म्हण खुशाल. काम आहेच.

सोमवार ते शनिवार मी नकाशांच्या कचेरीत रेषा ओढतो आणि रविवारी आमच्या हौशी इतिहास मंडळात जाऊन, जुना वेष चढवून बाराशे वर्षांपूर्वीचा शिपाई होतो, हे तुला माहीत आहे. तर चिलखत एकदाचं पुरं झालं. बावीस हजार लोखंडी कड्या, एकेक वाकवून, टोकं चपटी करून, खिळा ठोकून बंद केलेल्या. सहा वर्षं गेली. तुझ्या भावजयीच्या मते त्यात नवराही गेला. आता आतून घालायला अंगरखा हवा. एका योद्ध्याच्या थडग्यात चिलखताच्या गंजाला चिकटून कापडाचे चार तुकडे सापडले होते, त्यावरून वीण कळली: लोकर टकळीवर कातलेली, उभ्या मागावर तिरपी विणलेली. मागाचा आराखडा सोबत आहे. कुठलाही सुतार अर्ध्या दिवसात ठोकून देईल.

अट एकच. सूत सगळं हाताचं हवं, लोकरीतलं तेल न काढता कातलेलं. गिरणीचा एक धागा शिरला तरी सगळं बाद. परवाच मंडळात जोडे शिवणाऱ्या आजोबांनी आतल्या बाजूला नायलॉनचा दोरा वापरलेला सापडला. मीच उभा राहिलो आणि त्यांचं नाव कमी करायला लावलं. रडले बिचारे. पण कुणाला सूट दिली की सगळाच पोरखेळ होतो.

तुझ्यासारखे हात दुसरे नाहीत, हे मी मंडळात सांगून बसलोय. माझी लाज राख. लोभ आहेच, सध्या कामापुरता का होईना.

तुझा धाकटा


२० फेब्रुवारी २०१४

चि. धाकट्यास ताईचे अ. उ. आ.

हरभऱ्याच्या झाडावर चढवायची कला तुला पहिल्यापासून अवगत आहे. चढले बाबा. सुतार येऊन गेला. माग स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे आणि मी आडवी होऊन ये-जा करते.

आता माझं ऐक. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवा सांगितलं की आतला पडदा मधोमध झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. दोन वर्षं म्हणाले, फार तर अडीच. उरलेल्या नजरेनं काय काय पाहायचं ते ठरवून घ्या, असंही म्हणाले. छत्तीस वर्षं शाळेत मुलींना टाके शिकवले, तेव्हा मला वाटलं की बघायचं होतं तेवढं कापड बघून झालं. तर तुझं पत्र आलं.

आई गेल्यावर मी बाबांच्या जुन्या पँटी उसवून तुझे शर्ट शिवायचे. तू ते शाळेच्या फाटकाबाहेर काढून दप्तरात कोंबायचास आणि नुसत्या बनियनवर वर्गात बसायचास. शिपायानं मला सांगितलं होतं. मी तुला कधी बोलले नाही. कापडच तसं होतं, तू तरी काय करणार. पण एकदा माझ्या हातचं काही अंगात घालून माझ्यासमोर ताठ उभा राहा, आणि तेही मला नीट दिसतंय तोवर. शिलाई म्हणून एवढंच घेईन.

भावजयीला आशीर्वाद. तिच्यावर माया कर, लोखंडावर जरा कमी.

ताई


११ नोव्हेंबर २०१५

चि. धाकट्यास अ. उ. आ.

झाला. कातायला अकरा महिने, विणायला सात, शिवायला दोन. मंजिष्ठेत रंगवला तेव्हा बादली अशी लाल झाली की वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई दार उघडं बघून ओरडतच आत आल्या. त्यांना वाटलं मी हाताची शीर कापून घेतली.

डोळ्यांसमोर आता मधोमध राखाडी डाग असतो. धागा बघायचा तर कोंबडीसारखी मान वाकडी करून बघावं लागतं. शेवटची शिवण चाचपून घातली. तरी बोट फिरवून बघ, कुठे वाकडी सापडली तर कळव.

तुला सवड नाही म्हणतोस म्हणून पार्सलनं पाठवतेय. पण रजा काढ आणि घालून ये. मार्चच्या आत ये. नंतर आलास तर तू आहेस हे मला आवाजावरून ओळखावं लागेल, आणि आवाज काय, फोनवरही ऐकू येतो.

वाट पाहते. राग-लोभ सगळा तेव्हाच फेडून घेऊ.

ताई


२ डिसेंबर २०१५

ती. ताईस सा. न. वि. वि.

काय केलंयस तू हे. संग्रहालयातल्या बाई अर्धा तास भिंग घेऊन बसल्या होत्या. एका बोटाच्या रुंदीत धागे मोजले, ते थडग्यातल्या तुकड्यांशी तंतोतंत जुळले. आमचे अध्यक्ष कशाचंच कौतुक करत नाहीत, तेसुद्धा टोपी काढून उभे राहिले.

सध्या येणं कठीण आहे. कचेरीत मोजणीचा हंगाम आहे, साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत. फोनवर म्हणालीस त्या फोटोचंही बघतो. अंगरख्याचा उपयोग मात्र त्याच्या लायकीचा होणार आहे, खात्री बाळग. अशा कामासाठी असंच कापड लागतं.

डोळ्यांना जप. माझ्यावरचा लोभ थोडा उधार ठेव.

तुझा धाकटा


१९ फेब्रुवारी २०१६

ती. वन्संना भावजयीचा सा. नमस्कार वि. वि.

तुम्ही फोनवर तीनदा फोटोचं विचारलंत आणि तीनही वेळा मी विषय बदलला. आता माझ्याच्याने होत नाही. ह्यांना कळू देऊ नका, एवढं वचन द्या.

अंगरखा जमिनीत आहे. थडग्यात कापडाचे चारच तुकडे का टिकले, बाकीचं का कुजलं, ह्याचा ह्यांना शोध लावायचाय. त्यासाठी तसंच कापड हवं होतं आणि आत एक शरीर. खाटकाकडून डुक्कर आणलं, मेलेलं, सत्तर किलोचं. ह्यांच्याच वजनाचं मुद्दाम निवडलं. मंडळाच्या कारखान्यामागे चौघांनी मिळून त्याला तुमचा अंगरखा चढवला. पुढचे पाय आखूड पडले म्हणून बाह्या कोपरापासून कापल्या, कापलेले तुकडेही खड्ड्यातच टाकले. उजव्या खांद्यावर चिलखताचा एक तुकडा ठेवला आणि वर माती लोटली. तो तुकडासुद्धा बिघडलेल्या कड्यांचा. बावीस हजारांचं चिलखत आमच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे, मी रोज त्याची काच पुसते.

पार्सल उघडलं त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, पाच मिनिटं अंगात घाला, फोटोपुरतं, वन्सं वाट बघताहेत. हे म्हणाले की घाम लागला तर प्रयोग बिघडेल.

मला क्षमा करा. तुमची माया माझ्या वाट्याला नेहमी जास्तच आली, आज ती घ्यायला लाज वाटते.

भावजय


८ मे २०१७

ती. ताईस सा. न. वि. वि.

आता तुला गंमत सांगायला हरकत नाही. इतके दिवस मुद्दाम गप्प होतो, कारण निकाल लागल्याशिवाय बोलण्यात अर्थ नव्हता.

तुझा अंगरखा सतरा महिने मातीखाली होता, एका डुकराच्या अंगावर. नाक मुरडू नकोस, ही मान्य पद्धत आहे. काल उकरला. पाठ, पोट, बाह्या सगळं विरून गेलंय, बोट लावलं तर चिखल. पण उजव्या खांद्याखाली, लोखंडाच्या गंजाखाली, तळहाताएवढं कापड जसंच्या तसं! लाल रंगसुद्धा दिसतो. म्हणजे मी म्हणत होतो तेच, कापड गंजानं राखलं. पुढच्या महिन्यात मोठ्या सभेत निबंध वाचायचाय. संग्रहालय त्या तुकड्याला स्वतंत्र पेटी देणार आहे. निबंधाच्या तळटीपेत ‘एका कुशल गृहिणीनं विणलेलं कापड’ असा तुझाही उल्लेख केलाय.

आता अजून एक अंगरखा लागेल, लोखंडाशिवाय पुरायला. हात तेच हवेत, नाहीतर तुलना होणार नाही. डोळ्यांचं भावजयीकडून कळलं, वाईट वाटलं. पण शेवटची शिवण तू चाचपूनच घातली होतीस ना? म्हणजे जमेल. लोकर पाठवून दिली आहे.

लोभ वाढव, आणि ह्या खेपेला जरा लवकर.

तुझा धाकटा


१ जुलै २०१७

चि. धाकट्यास अ. उ. आ.

नर्सबाईंनी जुन्या पुठ्ठ्याला खिडक्या कापून दिल्या आहेत, एकेका खिडकीत एकेक ओळ लिहिते. वर-खाली झालं तर सांभाळून घे.

तुझ्या निबंधाचं कौतुक झालं, पेटीवर दिवा लावला, हे भावजयीनं फोनवर सांगितलं. त्यासाठीच मी थांबले होते. तुझा आनंद पुरा होऊ दे म्हटलं.

धाकट्या, मनात ठेवून मरवत नाही म्हणून सांगते. कातण्याच्या पाचव्या महिन्यात माझी नजर इतकी गेली की सूत तुटायला लागलं. तुझी लाज राखायची होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून गिरणीची लोकर आणली, तेलाचा हात फिरवला आणि तीच विणली. माझ्या हातचं सूत थोडंच होतं, ते सगळं उजव्या खांद्याला लावलं, कारण तिथून मी विणायला घेतलं होतं. बाकी पाठ, पोट, बाह्या गिरणीच्या.

म्हणजे तुझ्या गंजानं काही राखलं का, ते तू शहाणा आहेस, तूच ठरव. हाताचं तेवढं टिकलं आणि गिरणीचं कुजलं, एवढंच मला दिसतं. माझं दिसणं ते किती.

तू नियमाचा पक्का आहेस, काय करायचं ते तुला सांगायला नको. माझा लोभ कशानंच कमी होत नाही, ती काळजी करू नकोस.

ताई


२ सप्टेंबर २०१७

ती. वन्संना भावजयीचा सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून घरात काय चाललंय ते कळवायला हवं.

पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी ह्यांनी संग्रहालयात जाऊन पेटीतला तुकडा मागून आणला. जेवणाच्या टेबलावर त्याचा एकेक धागा सोडवला, भिंगाखाली पीळ मोजले, थोडे उकळले, थोडे जाळून वास घेतला. सगळं हाताचंच निघालं. पण ते तर तुम्हीच लिहिलं होतं. कुजलेल्या भागाचा चिखल केव्हाच टाकून दिला होता. तीन दिवसांत तुकडाही संपला.

मग ह्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहून निबंध मागे घेतला आणि मंडळापुढे सगळं सांगितलं. वाटलं होतं, खरं बोलल्याबद्दल दया दाखवतील. जोडे शिवणाऱ्या आजोबांना मुद्दाम बोलावलं होतं. नाव कमी करायला पहिला हात त्यांचा वर गेला. आता चिलखत गोणीत घालून जिन्याखाली आहे. फोनवर तुमचा आवाज आला की हे फोन ठेवून देतात. वीस वर्षांत ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं, तेही पाहिलं.

तुमचं वागणं योग्य की अयोग्य, मी कोण बोलणार. लोभ जिथे होता तिथे आहे.

भावजय


२० सप्टेंबर २०१७

चि. सौ. भावजयीस ताईचे अ. उ. आ.

पुठ्ठा असूनही हे कितपत वाचता येईल कोण जाणे. मला स्वतःचं अक्षर दिसत नाही.

ते खोटं होतं. गिरणीचा एक धागाही नव्हता. सगळं सूत माझ्या हातचं, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत. त्याचा शोध खरा आहे. गंजानंच राखलं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं होतं की त्याचं असंच काहीतरी मातीत घालायचं, आणि ते वर आल्यावर त्याला बघू द्यायचं. दीड वर्ष मनात धरून बसले. घातलं, आणि सुखही झालं, खोटं कशाला बोलू. महिनाभर मला छान झोप लागली. पण तू त्याच्या रडण्याचं लिहिलंस ते नर्सबाईंनी वाचून दाखवलं, तेव्हापासून जेवण जात नाही. त्याला मीच वाढवलंय गं. त्याला सांग. तुझं ऐकेल. आणि एकदा इकडे पाठव, कसल्याही कपड्यांत येऊ दे. मी नुसती हात लावून बघेन.

तुझ्यावर भार टाकतेय. लोभ केला असशील तर तो आज कामी येऊ दे.

ताई


४ ऑक्टोबर २०१७

ती. वन्संना भावजयीचा सा. नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, तरी सगळं लागलं. दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं.

मी ह्यांना सांगणार नाही. अकरा वर्षं मी रविवारी एकटी जेवले. आजारी पडले तर डॉक्टरकडे रिक्षानं एकटी गेले, हे कड्या ठोकत होते. आता सहाच्या ठोक्याला घरी येतात, माझ्याशेजारी बसून भाजी निवडतात, दिवस कसा गेला विचारतात. माणूस मोडलाय खरा, पण मोडलेला का होईना, घरात आहे. तुमचं खरं ऐकलं की दुसऱ्या दिवशी ती गोणी जिन्याखालून बाहेर येईल.

दुसऱ्या कुणाकडून निरोप धाडलात तरी उपयोग नाही. हे मला म्हणालेत की उद्या ताईनं सूत हाताचं होतं असं सांगितलं, तर समजायचं तिला दया आली. पुरावा म्हणावा तर कुजलेल्या भागाचा चिखल केव्हाच टाकलाय आणि उरला तुकडा ह्यांनीच संपवलाय.

एक मात्र कळवायला हवं. परवा पहिल्यांदाच ह्यांनी तुमच्या डोळ्यांचं विचारलं, ताईला आता कितपत दिसतं म्हणून. दिसत नसेल तर जाऊन येईन म्हणाले, तिला तोंड दाखवायची लाज वाटते. मी सांगितलं, मान वाकडी केली की कडेनं तुम्हाला अजून माणसाचं तोंड स्वच्छ दिसतं.

हे वाचून दाखवणाऱ्या नर्सबाईंना नमस्कार. तुम्ही आजवर केलात तेवढा लोभ मला जन्मभर पुरेल.

भावजय